आजोबांचा गुडघा आणि पद्मिनीचा ब्रेक

जुनी गाडी घ्यायची, चकाचक करायची आणि तिच्यासोबत रील टाकायची, हा प्लॅन तुमच्या ग्रुपमध्येही कुणाच्या तरी डोक्यात असणारच. भारी प्लॅन आहे. फक्त गाडी पळते कशी हे बघण्याआधी ती थांबते कशी, हे एकदा समजून घ्या.

तुम्ही जालन्याचे असाल, तर मंठा चौफुलीवर संध्याकाळी सहा वाजता काय सीन असतो हे मी सांगायला नको. सळईचे ट्रक, क्लासला निघालेल्या स्कूटी, रिक्षा आणि मधूनच रस्ता ओलांडणारी एखादी म्हैस. त्या गर्दीत आम्ही तिघं एका प्रीमिअर पद्मिनीत होतो. गाडी माझ्या मैत्रिणीच्या आजोबांची, स्टिअरिंगवर तिचा दादा, आणि मागच्या सीटवर मी आणि ती, अर्थातच मोबाईल काढून. एक स्कूटी अचानक समोर आली. दादाने ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. म्हणजे थांबली, पण जिथं थांबायला हवी होती तिथून चांगली हातभर पुढे, आणि तीही डावीकडे ओढत. स्कूटीवरची मुलगी आमच्याकडे एकदा रोखून बघून निघून गेली. आमच्या गाडीत मात्र पाच मिनिटं कुणी बोललं नाही. रील तर राहिलंच.

घरी आल्यावर आजोबा शांतपणे म्हणाले, "ब्रेक आहे रे गाडीला. पण त्याला पाय पाहिजे."

आणि खरा प्रश्न तोच होता. दादाचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. नातवाला नवरदेव म्हणून स्वतः पद्मिनी चालवत मांडवापर्यंत न्यायचं, ही आजोबांची इच्छा. पण मागच्याच वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दादाने लगेच मोबाईलवर शोधाशोध सुरू केली. "बूस्टर बसवून टाकू. विषय संपला!"

विषय संपला नाही. उलट तिथून सुरू झाला.

आपली 'क्लासिक' म्हणजे पद्मिनी

क्लासिक कार म्हटलं की आपल्याला सिनेमातली लाल, टप उघडा असलेली स्पोर्ट्स कार आठवते. आपल्या शेजारी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबर बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार खरंच बनत होती. पण आपल्याकडे वाड्याच्या दारात, शेडमध्ये ताडपत्रीखाली जी जुनी गाडी सापडते ती बहुतेक वेळा पद्मिनीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तिच्या गाड्या बनायच्या. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचं आपल्याकडचं रूप म्हणजे पद्मिनी. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा सगळ्या देशाने तिला निरोप दिला.

आणि हो, ही गाडी अगदीच गरीब गाय नव्हती. चेन्नईजवळच्या शोलावरम ट्रॅकवर ट्यून केलेल्या फियाट गाड्या शर्यतीत पळायच्या. म्हणजे स्पोर्टी रक्त होतं. बहुतेक पद्मिनींना ब्रेक बूस्टर मात्र नव्हता. ब्रेकला जोर फक्त तुमच्या पायाचा.

बूस्टर म्हणजे हवेची माणसं

तुमच्या घरात कुठलीही अलीकडची कार असेल, तर बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या पत्र्याला चिकटून एक काळा गोल डबा दिसेल. छोट्या पातेल्याएवढा. तोच बूस्टर.

आधी बूस्टर नसलेला ब्रेक कसा चालतो ते बघू. शेतात मोठा दगड उचकटायला पहार लावतात ना, तसं ब्रेकचं पेडल. लांब बाजूने थोडा जोर लावला की आखूड बाजूला जास्त जोर मिळतो. समजा हे प्रमाण पाचपट आहे. तुम्ही ३० किलोचा जोर लावला, तर पुढे मास्टर सिलेंडरवर १५० किलोचा जोर पडतो. मास्टर सिलेंडर ब्रेक ऑईल दाबतो, ऑईल नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोचतं, तिथले शू ड्रमला घासतात आणि गाडी थांबते.

बूस्टर बसतो पेडल आणि मास्टर सिलेंडरच्या मध्ये. त्या डब्यात एक रबरी पडदा असतो, मिस्त्री त्याला डायफ्राम म्हणतात. पडद्यामुळे डब्याचे दोन भाग होतात. एक नळी इंजिनच्या इनटेककडे जाते. पेट्रोल इंजिन चालू असताना सतत हवा ओढत असतं, त्यामुळे डब्यातली हवाही ओढली जाते आणि दोन्ही भागांत हवा विरळ होते. नळीत एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व असतो, म्हणून ओढलेली हवा परत येत नाही. आता तुम्ही पेडल दाबलं की आतला छोटा व्हॉल्व मागच्या भागात बाहेरची हवा सोडतो. पुढे पोकळी, मागे हवा. बाहेरची हवा पडद्याला पुढे ढकलते, आणि तुमच्या पायाला तिची साथ मिळते.

हवेत असा कितीसा जोर असणार, असं वाटतंय? सतराव्या शतकात जर्मनीच्या ऑटो फॉन गेरिके यांनी धातूचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढून घेतली होती, आणि घोडे जुंपूनही ते अर्धगोल सुटले नव्हते. शाळेच्या पुस्तकातलं चित्र आठवा. तोच जोर इथे कामाला लावलाय. हिशेब करा. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलोचा फरक मिळाला, तरी जोर होतो जवळपास २२० किलो! जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के हलकी. थोडं कमी धरा. तरी तीन-चार माणसांचं वजन तुमच्या पायासोबत मास्टर सिलेंडरवर पडतंय असं समजा.

ही आयडिया नवीन नाही. बेल्जियमच्या अल्बर्ट देवांद्र यांच्या रचनेवर बॉश कंपनीने १९२७ पासून असे सर्वो ब्रेक बनवले, आणि अमेरिकेच्या पिअर्स-अॅरो गाडीत १९२८ मध्ये व्हॅक्यूम बूस्टर आला. एक फरक मात्र लक्षात ठेवा. मोठ्या ट्रकचे 'हवेचे ब्रेक' वेगळे. तिथे कॉम्प्रेसरने दाबलेली हवा असते. कारच्या बूस्टरमध्ये हवा नसण्याचा फायदा घेतलेला असतो.

वजनकाट्याचा प्रयोग

आजोबांच्या गुडघ्यात नक्की किती जोर आहे, हे बघायला आम्ही एक उद्योग केला. खुर्ची भिंतीसमोर ठेवली, घरातला वजनकाटा भिंतीला उभा टेकवला आणि ब्रेक दाबतो तसा पायाने दाबायला सांगितलं. माझा काटा ६० च्या पुढे गेला. आजोबांचा उजवा पाय २५ ला थांबला. पुढे त्यांच्या कपाळावर आठ्या दिसायला लागल्या, आम्ही प्रयोग बंद केला.

गाड्यांच्या ब्रेकच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पायाचा जोर ५०० न्यूटनच्या, म्हणजे साधारण ५० किलोच्या आत ठेवतात. आजोबा त्याच्या निम्म्यावर. २५ किलो गुणिले पाच म्हणजे १२५. बूस्टरचे २२० मिळवले तर ३४५. म्हणजे कागदावर तरी आजोबांचा पाय ६९ किलोचा होतो. दादा एकदम खूश. "बघ, म्हटलं नव्हतं का?"

चाचांनी आधी चाक खोललं

आम्ही गाडी घेऊन गेलो एका जुन्या गॅरेजवर. तिथले मिस्त्री चाचा चाळीस वर्षं हेच काम करतायत. दादाने मोबाईलवर बूस्टरचा फोटो दाखवला. चाचांनी फोटोकडे बघितलंही नाही. म्हणाले, "बेटा, पहले पहिया खोलेंगे. फिर बात करेंगे."

चारही ड्रम निघाले. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलेंडर गळत होता आणि त्या चाकाचे लायनर ऑईलने भिजलेले. पुढच्या उजव्या चाकाचे शू झिजून ड्रमपासून लांब गेलेले, म्हणजे ते चाक जवळपास ब्रेकच लावत नव्हतं. म्हणूनच गाडी एका बाजूला ओढत होती. ब्रेक ऑईलचा रंग तर आपल्या टपरीवरच्या कडक चहासारखा. ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रकारचं कोरं ऑईल २०५ अंशांना उकळतं, पण पाणी मुरलं की तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. नळीत वाफ झाली की पेडल थेट खाली. वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही.

चाचांचं म्हणणं साधं होतं. दुखतंय एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असं करू नका. गळक्या सिलेंडरवर बूस्टर लावला असता, तर त्याने तेच ऑईल आणखी जोरात बाहेर ढकललं असतं.

इथे मला पहिल्यांदा कळलं, बूस्टर गाडी 'लवकर' थांबवत नाही. तो तुमच्या पायाचे कष्ट वाचवतो. बस. चाक ज्या क्षणी लॉक होऊन घसरायला लागतं, त्यापुढे बूस्टर काही करू शकत नाही. तिथून पुढे सगळं टायर आणि रस्ता ठरवतात. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाला ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. ताशी १०० ला लागतात ५६ मीटर. वेग दुप्पटही झाला नाही, पण अंतर पावणेतीनपट. शिवाय तुमच्या डोक्यातून पायापर्यंत हुकूम पोचायला एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी आणखी २८ मीटर पुढे गेलेली असते. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची परवानगी आहे. तिथे पद्मिनी पळवायचं स्वप्न बघण्याआधी हे आकडे एकदा वाचा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पद्मिनीचं वजन सुमारे ९०० किलो, त्यात चार माणसं आणि सामान धरून १२०० म्हणू. ताशी ८० वरून गाडी पूर्ण थांबवली, तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिच्यात एक लिटर पाणी उकळेल. एकदा थांबलात की एक लिटर. आता अजिंठ्याहून फर्दापूरकडे घाट उतरताना किती वेळा ब्रेक लावाल, मोजा. ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, लायनरची पकड कमी होते. ब्रेक लागत नाही म्हणून आपण आणखी दाबतो. बूस्टर या दाबण्याला साथ देतो, पण उष्णता बाहेर टाकत नाही. घाटात खरा मित्र एकच. खालचा गिअर.

बसवायचाच, तर पूर्ण बसवा

मग बूस्टर बसवूच नये का? तसं नाही. आजोबांसारख्या माणसाला त्याची खरी गरज आहे. पण ते एक पार्ट बदलण्याचं काम नाही, सगळं कुटुंब बदलायचं काम आहे. चाचांकडून जे समजलं ते असं:

पहिलं, पेडलची पहार. बूस्टर नसलेल्या गाडीत ती लांब असते, पाच-सहापट. बूस्टरवाल्या गाडीत साधारण चारपट पुरते. जुनी पहार तशीच ठेवून वर बूस्टर लावला, की नुसता पाय टेकवला तरी चाकं लॉक. पावसात असं झालं तर गाडी गरकन फिरणार.

दुसरं, ड्रम की डिस्क? ड्रम फिरताना एक शू आपोआप आत ओढला जातो, त्यामुळे ड्रमला स्वतःचा थोडा बूस्टर असतोच. डिस्कला तो नसतो. म्हणून काही जण पुढे डिस्क बसवतात आणि बूस्टर लावत नाहीत, तेव्हा पेडल दगडासारखं लागतं. डिस्क आणि बूस्टर ही जोडी आहे. पण डिस्कला ऑईलही जास्त लागतं, म्हणून मास्टर सिलेंडर त्या मापाचा हवा. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये नळीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व असतो. तो तसाच राहिला तर डिस्क कायम घासत राहते.

तिसरं, पुढचं-मागचं गणित. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून पुढच्या चाकांना जास्त ब्रेक लागतो. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडीची शेपटी पुढे यायला बघते.

चौथं, दांडी आणि नळी. बूस्टरची दांडी आणि मास्टर सिलेंडरचा पिस्टन यांच्यात अगदी बारीक फट लागते. फट नसेल तर ब्रेक सुटतच नाही, जास्त असेल तर पेडल खाली जातं. आणि इंजिनकडून येणारी नळी जाड, व्हॅक्यूमसाठीचीच हवी. साधी पेट्रोलची नळी आत चिपकते आणि बूस्टर असून नसल्यासारखा होतो.

आणि जमलंच, तर दोन सर्किटचा मास्टर सिलेंडर. जुन्या सिंगल सर्किटमध्ये एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन सर्किट असतील तर दोन चाकं तरी उरतात.

कागदाचं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल होईल असा फेरफार मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे गाडीला हात लावण्याआधी आरटीओत लेखी विचारा, आणि विमा कंपनीलाही कळवा. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत, पण ऐंशीच्या दशकातली गाडी अजून त्यात बसत नाही. तिला साध्या गाडीसारखंच फिटनेस दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते.

दादाला हे सगळं बोअर वाटलं. आजोबांना नाही. त्यांनी स्वतः अर्ज लिहिला, तोही सुवाच्य अक्षरात.

आजच करून बघा

तुमच्याकडे पद्मिनी नसेल, पण घरात कार आहे ना? मग गाडी सपाट जागेवर उभी करून, हँडब्रेक लावून ही टेस्ट करा.

१. इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल.

२. पाय दाबलेलाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं, तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही, तर मिस्त्रीकडे जा.

३. पेडल दाबल्यावर सतत 'स्स्स' आवाज येतोय किंवा इंजिन धडधडायला लागतंय? कुठेतरी हवा गळतेय.

४. बाहेर कुठे गळती दिसत नाही, तरी ब्रेक ऑईल कमी होतंय? ते बूस्टरमध्ये जात असू शकतं. दुर्लक्ष करू नका.

आणि एक हात जोडून विनंती. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून न्यूट्रलवर सोडायची सवय आपल्याकडे बऱ्याच जणांना आहे. इंजिन बंद म्हणजे हवा ओढणं बंद. बूस्टरमध्ये उरलेल्या पोकळीवर एक-दोनदा ब्रेक लागतो, तिसऱ्यांदा पेडल दगड. दहा रुपयांच्या पेट्रोलसाठी हा सौदा परवडणारा नाही.

मग लग्नात काय झालं?

चाचांनी चारही चाकांचे लायनर, गळका सिलेंडर आणि सगळं ऑईल बदललं, एअर काढली, शू सारखे लावले. पेडल अजून जडच आहे. पण गाडी सरळ थांबते, आणि जिथं थांबायला हवी तिथं थांबते. बूस्टर अजून बसवलेला नाही. अर्जाचं उत्तर यायचंय.

लग्नाच्या दिवशी सकाळी आजोबा फेटा बांधून तयार होते. गाडीजवळ आले, ड्रायव्हरचं दार उघडलं, आत बसले, पेडल एकदा दाबलं. मग स्वतःच उतरले, किल्ली माझ्या मैत्रिणीच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. आमच्या चौघांत तिचा पाय सगळ्यात मजबूत, काटा ७० च्या वर गेलेला. नवरदेव मागे, बहीण स्टिअरिंगवर, आणि पद्मिनी ताशी ३० च्या वेगाने मांडवाकडे.

मंठा चौफुलीवर पुन्हा एक स्कूटी आडवी आली. या वेळी गाडी थांबली. आजोबा फक्त एवढंच म्हणाले, "हं. आता निघा."